माझ्या तोंडातला बोळा

मी एक जुनी, दोन ठिकाणी पोचे पडलेली आणि फार बडबडी घंटा आहे. देवळातली नव्हे, शाळेतलीही नव्हे. मी घोडीच्या गळ्यातली. विल्काबाम्बाच्या डोंगरांत चाकापाता नावाचं गाव आहे. तिथे सातुर्निनोच्या ओसरीवर एका खुंटीला मला टांगून ठेवतात. आत्ता अंगणात मक्याची कणसं वाळत घातली आहेत, एक कोंबडी त्यांच्यावर डोळा ठेवून बसली आहे आणि मला सकाळपासून काही काम नाही. तेव्हा मित्रांनो, बसा आणि माझी गोष्ट ऐका. फक्त मध्येच उठून जाऊ नका, मला त्याचा राग येतो.

माझा जन्म मेलितोन लोहाराच्या भट्टीत झाला. त्याने एका मोडक्या फावड्याचं पातं तापवलं, ठोकून ठोकून पातळ केलं, दुमडलं आणि कडा जोडल्या. नुसत्या लोखंडाच्या आवाजात गोडवा नसतो. म्हणून त्याने माझ्या अंगावर पितळेचे तुकडे ठेवले, वरून माती, शेण आणि गवताचा जाड लेप दिला आणि मला भट्टीत ढकललं. आत पितळ वितळलं आणि माझ्या अंगभर पसरलं. ते पितळ कुठलं होतं सांगू? एक जुनं कुलूप, एका स्टोव्हचा बर्नर आणि गावच्या बँडमधल्या फुटक्या ट्रम्पेटची नळी. माझ्या आवाजात थोडा तोरा आहे, तो त्या नळीचा आहे.

माझा लोलक मात्र लाकडाचा आहे. डोंगर उतरून चार दिवस चालत गेलं की खाली घनदाट पावसाळी जंगल लागतं. तिथल्या काळ्या काटेरी ताडाचं ते लाकूड आहे, लोखंडालाही दाद न देणारं. म्हणजे मी अर्धी वरची आणि अर्धी खालची. मला दोन्हीकडे माहेरी आल्यासारखं वाटतं.

सातुर्निनो खेचरवाला होता. आता तुम्ही म्हणाल, खेचरांना घंटा कशाला? मित्रांनो, खेचर कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पण घोडीवर त्याचा भारी जीव असतो. घोडीच्या गळ्यात मला बांधलं आणि घोडी पुढे निघाली, की पाठीवर ओझं घेतलेली खेचरं एकामागून एक तिच्या मागे चालू लागतात. ना दोर लागतो, ना चाबूक. टाँक, टाँक असा माझा आवाज येतोय तोवर सगळं ठीक आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून आमच्याकडे वाटेवर मागे वळून बघायची कुणाला सवयच नाही. मागचं सगळं मी सांभाळते.

किती वर्षं मी ती वाट तुडवली! आधी खिंडीपर्यंत चढ. तिथे वाऱ्याने कान दुखतात आणि लांब मानेची, लोकरीची लामा जनावरं आम्ही उपरे असल्यासारखी आमच्याकडे बघतात. मग उतार सुरू होतो. गवत संपतं, झाडं लागतात, झाडांवर शेवाळ लोंबू लागतं, माकडांची भांडणं ऐकू येतात आणि शेवटी जंगलात लपलेलं इंका राजांचं शेवटचं गाव येतं. जाताना आम्ही बटाटे आणि सुकवलेलं मांस न्यायचो, येताना कॉफी आणि केळी आणायचो. वाटेतल्या पायऱ्या इंकांच्या काळातल्या. त्यांनी त्या माणसांसाठी आणि लामांसाठी बांधल्या, कारण घोडा त्यांनी तेव्हा पाहिलाच नव्हता. आजवर ज्यांच्या गळ्यात मी होते, त्या तिन्ही घोड्यांनी प्रत्येक पायरीवर फुरफुरून त्यांना नावं ठेवली आहेत.

मग वाईट वर्षं आली. डोंगरात बंदुका घेतलेली माणसं फिरू लागली. कधी या बाजूची, कधी त्या बाजूची. आवाज झाला की कुणीतरी यायचं, ओझी उतरवून घ्यायचं आणि माणसालाही घेऊन जायचं. तेव्हा सातुर्निनोने पहिल्यांदा माझ्या तोंडात बोळा कोंबला. डोंगरावरच्या राठ इचू गवताचा बोळा. मी गुदमरले. पण तो सारखा वाटेकडे बघत होता, म्हणून ते सोसलं.

त्याच काळात एकदा धुक्यात त्याची दोन खेचरं हरवली. ती परत कधीच मिळाली नाहीत. गावात येऊन त्याने सांगितलं, “कडा कोसळला. दोघं खाली गेली.” बायका रडल्या, पुरुषांनी टोप्या काढल्या. शेजारच्या सिप्रियानोने तर त्या कड्यापाशी जाऊन एक क्रूस रोवला.

कडा कोसळला नव्हता, मित्रांनो. धोक्याची जागा केव्हाच मागे पडली होती आणि बोळा अजून माझ्या तोंडात होता. मागच्या दोघांना माझा आवाज आला नाही, ती भलत्या वाटेला लागली. हे फक्त सातुर्निनोला माहीत होतं आणि मला. मी एवढी बडबडी, पण ही एक गोष्ट मला कुणालाही सांगता येत नव्हती.

दिवस पालटले. बंदुकीवाले गेले आणि हळूहळू पाठीवर पिशव्या घेतलेली परकी माणसं येऊ लागली. त्यांना बटाटे विकत नको होते, केळीही नको होती. त्यांना इंकांच्या भिंती पाहायच्या होत्या, खिंड चढायची होती आणि जंगलातले पक्षी बघायचे होते. आम्ही त्यांचे तंबू आणि पातेली वाहू लागलो. मला हे काम आवडलं. परकी माणसं माझा फोटो काढायची आणि “काय गोड आवाज!” म्हणायची. खेचरांनी एवढ्या वर्षांत एकदाही असं म्हटलं नव्हतं.

या सगळ्यात सातुर्निनोचे गुडघे गेले. घरात मुलगा नव्हता. मुलगी होती, सेनोबिया, तिशीतली, बापासारखीच रुंद खांद्यांची आणि तिखट जिभेची. ती म्हणाली, खेचरं मी नेते. सातुर्निनोला ते पटेना. खालच्या गावातल्या लाकडाच्या वखारीचा मालक कधीपासून खेचरं मागत होता. त्याला चिखलातून ओंडके ओढायला जनावरं हवी होती. वखारीत गेलेलं खेचर दोन वर्षांपेक्षा जास्त टिकत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

शेवटी बापलेकीचा एक करार झाला. निघायच्या सकाळी सातुर्निनो काठी टेकत अंगणात आला आणि म्हणाला, “एक घोडी, पाच खेचरं. सहा घेऊन चाललीस, सहा परत आण. आणलीस तर ही घंटा तुझी आणि कळपही तुझा. एक जरी कमी आलं, तरी रविवारी वखारवाला येतोय, त्याला मी हो म्हणणार.”

“आणि ओबिस्पोला तिथे ओंडक्याला जुंपणार?” सेनोबियाने विचारलं.

ओबिस्पो हे आमचं सर्वांत म्हातारं खेचर. ओबिस्पो म्हणजे बिशप. चर्चमधल्या मिरवणुकीत चालल्यासारखं संथ आणि गंभीर चालतो, म्हणून ते नाव. ती वाईट वर्षं आली तेव्हा तो कोवळा होता, माझ्या मागे मागे चालत मोठा झाला.

“म्हणूनच सांगतोय,” सातुर्निनो म्हणाला, “सहा आण.”

कुंपणाच्या भिंतीवर सिप्रियानो बसला होता. तो रोजच बसतो. “काय गं सेनोबिया, बापाच्या गुडघ्यांबरोबर अक्कलही गेली वाटतं! खेचरं कधी बाईचं ऐकतात का?”

“तुम्ही घरी फाउस्तिना काकूंचं ऐकताच की, काका,” माझा पट्टा आवळत सेनोबिया म्हणाली. “खेचरं तुमच्याइतकी हट्टी नाहीत.”

सेनोबियाने मक्याच्या दारूचे चार थेंब धरणीला शिंपडले, पालोमा घोडीच्या मानेवर थाप मारली आणि आम्ही निघालो.

त्या फेरीत परका माणूस एकच होता. तीसुद्धा परकी नव्हे, आमच्याच देशाची, लिमा या राजधानीची. ओफेलिया तिचं नाव. चाळीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवून निवृत्त झालेली, म्हणून सगळे तिला प्रोफेसोरा, म्हणजे शिक्षिका, म्हणायचे. केस पांढरे, गळ्यात लाल लोकरीचा मफलर, हातात काळी छत्री. तिच्या सोबत वाटाड्या होता हिलारियो. हिलारियोला सगळी वाट पाठ आहे आणि जे पाठ नाही ते तो तिथल्या तिथे रचतो.

“हिलारियो,” दुसऱ्या दिवशी प्रोफेसोरा म्हणाली, “सकाळच्या भिंतीला तू पाचशे वर्षं सांगितलीस, या भिंतीला सातशे. दोन्ही एकाच राजाच्या म्हणतोस. जरा एकदा ठरव.”

“प्रोफेसोरा, मध्ये चढ होता ना,” हिलारियो म्हणाला. “चढ चढला की वय वाढतंच.”

“माझ्या वर्गात असतास तर तुला बाकावर उभा केला असता.”

“मी शाळेत बाकावरच उभा असायचो. तिथूनच मला डोंगर दिसले.”

प्रोफेसोरा एवढी हसली की तिला खिंडीतल्या विरळ हवेत धाप लागली. सेनोबियाने तिला मुन्याच्या, म्हणजे डोंगरी पुदिन्याच्या, पाल्याचा कढत काढा दिला आणि मऊ दगड बघून बसवलं. दगड मऊ नसतो, मला माहीत आहे, पण सेनोबिया असंच म्हणाली.

प्रोफेसोरा भिंतींसाठी आलीच नव्हती. ती तुंकीसाठी आली होती. तुंकी हा आमच्या देशाचा पक्षी, लालभडक, डोक्यावर मोठा गोल तुरा. तिसरीच्या पुस्तकात त्याचं चित्र आहे. काढा पिता पिता ती सेनोबियाला सांगत होती, “दर वर्षी एक तरी पोर विचारायचं, प्रोफेसोरा, याला चोच कुठे आहे? मी सांगायचे, तुऱ्याखाली लपली आहे. चाळीस वर्षं ठोकून सांगितलं. पण मला तरी कुठे माहीत होतं? मी पक्षी कुठे पाहिला होता?”

“मी दाखवते तुम्हाला,” सेनोबिया म्हणाली. “चोचीसकट.”

तिसऱ्या दिवशी दुपार कलताना आम्ही त्या जागी पोचलो. वाटेच्या खाली एक मोठं झाड आहे, त्यावर तुंकी नाचायला जमतात. हिलारियोने हळूच खूण केली. खेचरं थांबली. आणि सेनोबियाने ओबिस्पोच्या खोगिराखालच्या गादीतून मूठभर इचू गवत उपसलं, त्याचा बोळा केला आणि माझ्याकडे आली.

“थोडा वेळ गप्प बस हं,” ती माझ्या कानात म्हणाली. मला कान नाहीत, पण ती तशीच वाकून बोलली. आणि बोळा कोंबला.

मी रागावले नाही. पक्ष्यांना माझा आवाज नको असतो हे मला कळतं. त्यांचा स्वतःचा आवाज म्हणाल तर डुकरांच्या कळपासारखा, तो ऐकायला माझं तोंड बंद करायचं, हे जरा जास्त होतं, पण असो. एकेक करून दहा-बारा तुंकी आले. वाकू लागले, उड्या मारू लागले, एकमेकांना डोळे वटारू लागले. प्रोफेसोरा दोन्ही हात तोंडावर घेऊन बसली होती. मग एक नर अगदी जवळच्या फांदीवर आला आणि त्याने मान वाकडी केली.

“आहे गं!” प्रोफेसोरा कुजबुजली. “सेनोबिया, चोच आहे! पिवळी आहे!” आणि ती रडायला लागली. तिला हुंदका आवरेना, मग सेनोबियाचे डोळे भरले, मग हिलारियो नाक शिंकरायला लांब गेला. मीही खूश होते. इतकी की माझं तोंड बंद आहे हेही क्षणभर विसरले.

आणि मित्रांनो, तिथेच घात झाला. तीही विसरली.

कारण तेवढ्यात दरीतून धुकं चढू लागलं. प्रोफेसोरा घाईने उठली, तिचा पाय शेवाळावरून सटकला आणि गुडघा पिरगळला. तिला चालवेना. अंधार पडायच्या आत खालच्या मोकळ्या जागेवर पोचायला हवं होतं. सेनोबियाने तिला पालोमावर बसवलं आणि लगाम हातात घेतला. पायऱ्या निसरड्या, म्हणून हिलारियोने बाजूने प्रोफेसोराला धरलं. आणि तिघंही घोडीसकट निघाली. मागे कुणी पाहिलं नाही. आमच्याकडे मागे वळून कुणी पाहतच नाही.

मी पाहू शकत नव्हते, पण मला कळत होतं. मागून खुरांचा आवाज येत नव्हता. खेचरं झाडाजवळ बांबूची पानं खात उभी होती आणि त्यांना आम्ही निघालो हे कळलंच नव्हतं. मी जिवाच्या आकांताने हलत होते. मागे बघा, मागे बघा! लोलक गवतावर आपटत होता. थप्, थप्. वाईट वर्षांत हरवलेली ती दोन खेचरं मला आठवत होती. असंच धुकं, अशाच पायऱ्या, असाच बोळा. पाऊण तास मी गुदमरून ओरडत राहिले आणि कुणालाही ऐकू गेलं नाही.

इंकांच्या गावाच्या वरच्या अंगाला एक मोकळी जागा आहे, तिथे आम्ही थांबलो. प्रोफेसोराला खाली उतरवलं. हिलारियो हात चोळत म्हणाला, “चला, आधी तंबू काढतो.” आणि वळला.

मागे नुसतं धुकं होतं.

“खेचरं कुठे आहेत?” त्याने विचारलं.

“मागे असतील,” सेनोबिया म्हणाली.

“मागे कोण आहे?”

“तू होतास ना मागे?”

“मी? मी प्रोफेसोरांना धरून होतो! मागचं घंटा बघते ना!”

सेनोबियाचा चेहरा पांढरा पडला. “पाच,” ती म्हणाली. “पाचही.” वाटेच्या एका बाजूला दरी होती, खाली नदी गर्जत होती, आणि त्या जंगलात वाघाच्या जातीचा ठिपकेवाला प्राणीही आहे. तिने पालोमाच्या गळ्यातून मला सोडवलं, दोन्ही हातांनी वर धरलं आणि जोराने हलवलं.

थप्.

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. सेनोबियाने पुन्हा हलवलं. थप्. मग तिने मला उलटं केलं, आत पाहिलं आणि मटकन खाली बसली.

“मी काढलाच नाही,” ती म्हणाली. “हिलारियो, मी बोळा काढलाच नाही.”

प्रोफेसोरा लंगडत पुढे आली आणि वर्गात बोलत असल्यासारख्या आवाजात म्हणाली, “मग आता काढ. बसतेस काय?”

सेनोबियाने बोटांनी ओरबाडून ते गवत उपसलं आणि फेकून दिलं. जवळच इंकांची एक भिंत आहे, झाडाच्या मुळांनी कवळलेली. ती भिंतीवर चढली आणि मला वाजवू लागली. टाँक! टाँक! टाँक! मी जन्मात एवढी मोठ्याने वाजले नव्हते. झाडावरचे पोपट आरडाओरडा करत उडाले, माकडं चिडीचूप झाली. मी बँडच्या नळीचा सगळा तोरा लावला. मग आम्ही थांबलो आणि कान दिला.

काही नाही. पुन्हा वाजवलं. पुन्हा काही नाही. आणि मग वरून, धुक्यातून, कुरकुरत्या दारासारखं एक रेकणं ऐकू आलं. एवढा भिकार आवाज मला कधी इतका गोड वाटला नव्हता.

वीसेक मिनिटांनी पहिलं खेचर पायऱ्यांवरून उतरलं. त्यामागे दुसरं, तिसरं. तंबू जागेवर, पातेली जागेवर. मग चौथं. हिलारियो प्रत्येकाच्या गळ्यात पडत होता. त्यानंतर मात्र कुणी आलं नाही.

“ओबिस्पो,” सेनोबिया म्हणाली.

“त्याला हल्ली कमी ऐकू येतं,” हिलारियो हळूच म्हणाला. “इतक्या लांबून त्याला काय ऐकू जाणार?”

“मग जवळून ऐकवते.” आणि मला हातात घेऊन ती उलटी चढू लागली.

उजेड उतरत चालला होता. ती चार पायऱ्या चढायची, मला वाजवायची, थांबायची. दरीच्या कडेला आली की खाली डोकावायची आणि मग माझ्यावरची तिची पकड घट्ट व्हायची. तिच्या घामाने माझी कड ओली झाली होती. “सहा आण,” ती स्वतःशीच म्हणत होती, “सहा आण, सहा आण.”

आम्ही तुंकीच्या झाडापाशी पोचलो. पक्षी केव्हाच निघून गेले होते. आणि झाडाखाली, पाठीवरच्या ओझ्यासकट, ओबिस्पो उभा होता. पापण्यांवर धुक्याचे थेंब. बाकीची चौघं निघून गेली तरी तो हलला नव्हता. ज्या जागी त्याने माझा शेवटचा आवाज ऐकला, त्याच जागी तो माझ्या पुढच्या आवाजाची वाट बघत उभा होता.

सेनोबिया त्याच्या अगदी जवळ गेली आणि मला त्याच्या कानाशी धरून वाजवलं. टाँक. त्याचे लांब कान उभे राहिले. त्याने एक मोठा उसासा सोडला आणि काही झालंच नाही अशा थाटात चालायला सुरुवात केली.

मित्रांनो, मला रडता येत नाही. पण त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं, रडता यायला हवं होतं. सेनोबियाला येत होतं. ती त्याच्या मानेत तोंड खुपसून रडली आणि म्हणाली, “म्हाताऱ्या, ऐकू येत नाही तर सांगायचं तरी!”

दुसऱ्या दिवशी प्रोफेसोराने काठी टेकत इंकांचं गाव पाहिलं. हिलारियोने प्रत्येक भिंतीचं वय सांगितलं आणि तिने एकदाही दुरुस्त केलं नाही. तिथून ती दोघं दुसऱ्या बाजूच्या मोटाररस्त्याने परत जाणार होती आणि आम्ही आमच्या वाटेने.

निघताना हिलारियो म्हणाला, “सहाच्या सहा आहेत, सेनोबिया. झालं ते धुक्यात झालं. घरी कुणाला कळायचं कारण नाही. माझं तोंड बंद.”

“तुझं तोंड?” सेनोबिया म्हणाली.

प्रोफेसोराने गळ्यातल्या मफलरचं टोक उसवलं आणि लाल लोकरीचा हातभर दोरा तोडून तिच्या हातात दिला. “माझ्या वर्गातल्या विसरभोळ्या पोरांच्या बटणाला मी असा दोरा बांधायचे. पुढच्या वेळी बोळ्याला बांध, म्हणजे टोक बाहेर लोंबत राहील. घरी काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी पक्षी पाहिला तो तुझ्यामुळे, हे मात्र माझ्या नावाने सांग.”

परतीचे चार दिवस मी बोलत होते. आणि प्रत्येक वळणावर सेनोबिया मागे वळून बघत होती.

चाकापातात शिरलो तेव्हा सातुर्निनो फाटकापाशी उभा होता. पालोमा आत आली, तसं त्याने बोट वर केलं. “एक...”

“थांबा, तायता,” सेनोबिया बापाला म्हणाली. “अजून मोजू नका.”

“का? कमी आहेत?”

“नाहीत. पण आधी ऐका, मग मोजा.” आणि तिने सगळं सांगितलं. तुंकी, बोळा, धुकं, भिंत, ओबिस्पो. काही झाकलं नाही. “वखारवाल्याला हो म्हणायचं असेल तर म्हणा. पण सहा आणली म्हणून खोटं मोठेपण मला नको.”

सातुर्निनोने पालोमाच्या गळ्यातून मला सोडवलं, पायरीवर बसला आणि माझ्या तोंडात बोट घालून फिरवू लागला. आत गवताची एक काडी राहिली होती. ती त्याने तळहातावर घेतली.

“तो कडा,” तो म्हणाला, “कोसळला नव्हता.”

“कुठला कडा?”

“दोन खेचरं गेली तो. बोळा होता. धोका टळला होता, बोळा काढायला हवा होता. मी विसरलो असं मनाला सांगत आलो. खरं म्हणजे काढायला घाबरलो. आणि गावाला कडा सांगितला. तुझ्या आईलासुद्धा.”

“पण तायता... सिप्रियानो काकांनी तिथे क्रूस रोवलाय!”

“हो ना,” सातुर्निनो म्हणाला. “दर वर्षी फुलं वाहतो बिचारा. दोन खेचरांना.”

आधी सेनोबियाला हसू फुटलं, मग त्याला. दोघं इतकी हसली की कोंबड्या पळाल्या. हसता हसता सातुर्निनोने डोळे पुसले आणि मला तिच्या हातात दिलं.

“मला पंचवीस वर्षं लागली,” तो म्हणाला. “तू मोजायच्या आधी सांगितलंस. घे. तुझी आहे.”

त्याने खेचरं मोजली नाहीत. आजतागायत मोजली नाहीत.

माझ्या मनावरचं ओझंही त्या दिवशी उतरलं. रविवारी वखारवाला आला, मक्याची दारू प्याला आणि रिकाम्या हाताने गेला. जाता जाता ओबिस्पोने त्याची टोपी चावली. सिप्रियानोला खरी हकीकत कळल्यावर तो आठ दिवस भिंतीवर बसायला आला नाही. मग आला आणि म्हणाला, “क्रूस काही मी काढणार नाही. फुलांची सवय लागलीय.”

आता ओबिस्पो फेऱ्यांना येत नाही, अंगणातच असतो. आम्ही निघालो की सेनोबिया मला आधी त्याच्या कानाशी नेऊन एकदा वाजवते आणि सांगते, “येतोच आम्ही.” परत आलो की पुन्हा वाजवते. पक्ष्यांसाठी अजूनही माझ्या तोंडात बोळा जातो, पण आता त्याला लाल दोरा असतो आणि त्याचं दुसरं टोक तिच्या बोटाला असतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, त्यांचा गंज पुसा, हे मी सांगणारच. मी जुनी आहे, माझा त्यात स्वार्थ आहे. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुम्हीही कधी कुणाला म्हणत असाल, जरा गप्प बस. आजीला म्हणाल, धाकट्या बहिणीला म्हणाल. कधी ते म्हणावंही लागतं. पण तुमचं काम झालं की आठवणीने त्यांच्याकडे परत जा आणि सांगा, आता बोल. कारण त्यांच्या आवाजाची वाट बघत कुणीतरी धुक्यात उभं असतं.

ती बघा, कोंबडीने कणीस पळवलंच. आणि सेनोबिया पट्टा घेऊन इकडेच येतेय. उठा, वाट सोडा. ओबिस्पोने कान वर केले आहेत, मला आधी त्याच्याशी बोलायचं आहे.